बाबांच्या खोलीतलं वायफाय

त्या उन्हाळ्यात मी दीड महिना एका डब्याशी भांडत होते. वायफायचा डबा. पांढरा, दोन शिंगांचा, पुढे चार हिरवे दिवे. मी वाशीमच्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे असल्या डब्याला आपण दोन दिवसांत सरळ करू, असा माझा पक्का समज होता. माझा स्वभाव तापट आहे हेही इथेच सांगून टाकते. तो बाबांकडून आला आहे आणि तेवढी एक गोष्ट त्यांनी मला न मागता भरभरून दिली.

झालं असं, की होळीनंतरच्या आठवड्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. पाय लवकर परत आला. दवाखान्यातून घरी आणल्यावर महिनाभरात ते डाव्या हातात काठी धरून अंगणापर्यंत जायला लागले. उजव्या हाताची बोटंही जराशी हलायची. बोलणं मात्र आलं नाही. तोंडात एकच शब्द उरला होता, ‘हौ’. चहा पाहिजे का, हौ. नको आहे का, हौ. बाबा, तुम्ही हो म्हणता की नाही म्हणता? हौ. आणि त्यावर ते स्वतःच इतके चिडायचे, की कपाळाची शीर फुगायची.

बाबांचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना या ‘हौ’चं दुःख कळायचं नाही. आसेगावच्या अलीकडे आमचं गाव आहे. बाबा आमच्या बांधावर उभे राहून बोलायला लागले, की पलीकडच्या शेतातला माणूस वखर थांबवून इकडे बघायचा. ग्रामसभेत त्यांना माईक लागत नसे. गावात कुणाचं चुकलं तर त्याच्या दारात जाऊन, त्याच्या तोंडावर सांगून येणार, आणि निघताना त्याच्याच घरचा चहा पिऊन येणार. असा माणूस बाजेवर बसून भिंतीकडे बघत होता. लोक भेटायला आले, की तो डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचा.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं. शब्द डोक्यात शाबूत आहेत, समजतंही सगळं, फक्त आतला शब्द तोंडापर्यंत येण्याची वाट मोडली आहे. ती सरावानं पुन्हा पडते, पण सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, ते वाया घालवू नका. असा सराव करून घेणाऱ्या एक मॅडम अकोल्याला होत्या. तिथवरचा प्रवास बाबांना झेपेना, म्हणून त्या व्हिडिओवरून शिकवायला तयार झाल्या. सोमवार आणि गुरुवार, सकाळी दहा वाजता, चाळीस मिनिटं. शाळेला सुट्टी लागली तशी मी लॅपटॉप आणि एक बॅग घेऊन माहेरी आले. मी एकुलती एक लेक. नवरा म्हणाला, इथलं मी बघतो, तू बाबांना बोलतं करूनच ये. असं म्हणणं सोपं असतं.

पहिल्याच सोमवारी मॅडमनी पाण्याच्या ग्लासाचं चित्र दाखवलं आणि ‘पा’ म्हणायला लावलं. बाबांनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले. ओठ मिटले, थरथरले, उघडले आणि त्यातून खरंच काहीतरी निघणार, तोच पडद्यावर मॅडमचा चेहरा थिजला. मग चेहराही गेला आणि नुसतं चक्र फिरत राहिलं. बाबा तसेच तोंड उघडं ठेवून त्या चक्राकडे बघत होते. मग त्यांनी तोंड मिटलं. मला त्या क्षणी तो डबा उचलून विहिरीत टाकावासा वाटला.

गावात मोबाइलला रेंज म्हणजे आनंदच आहे, आमच्या घरी ती फक्त गच्चीवर मिळते. त्यामुळे फोनवरून सत्र चालवायची सोय नव्हती. मेच्या उन्हात बाबांना गच्चीवर बसवणार कोण? जे काय करायचं ते वायफायवरच. मी एक वही केली. रोज किती वाजता लाइन तुटली, कोणता दिवा कसा होता, कूलर चालू होता की बंद, सगळं लिहायला लागले. मुलांना प्रयोगवही नीट ठेवत नाहीत म्हणून मी फार बोलते, तेव्हा निदान माझी तरी नीट हवी.

पहिला दोष सापडला तो मायच्या हातचा होता. डबा बैठकीतल्या टीव्हीशेजारी ठेवलेला आणि त्यावर मायनं विणलेलं गुलाबी लोकरीचं झाकण. आमच्या घरात मिक्सरला झाकण आहे, टीव्हीला आहे, शिलाई मशीनला आहे, तसं याला. मी हात लावला तर डबा चांगलाच तापलेला. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत लोकर पांघरून बसल्यावर कोण काम करेल? मी झाकण काढून बाजूला फेकलं.

“उघडं बोडकं कसं दिसते ते,” माय म्हणाली. “धूळ बसली तं खराब होईन ना बाई.”

“माय, त्याले हवा लागते. जीव गुदमरून राह्यला त्याचा.”

“मंग अगुदर सांगाचं. मी जाळीचं इनलं असतं.”

झाकण काढल्यावर दुपारचं तुटणं थांबलं. सत्रातलं मात्र थांबेना. मग मला बैठक आणि बाबांची खोली यांच्यामधल्या दोन कोठ्या दिसल्या. पत्र्याच्या, छातीएवढ्या उंच, एक तुरीची आणि एक गव्हाची. वर्षानुवर्षं तिथेच उभ्या. लहरींच्या वाटेत पत्रा आला की काय होतं, हे मी दहावीला दरवर्षी शिकवते आणि ते मला पंधरा दिवसांनी सुचलं. मी मायला त्यावर एक छोटंसं व्याख्यानही दिलं. मायनं ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग तूर कुठी ठेवाची?”

तूर हलवण्यापेक्षा डबा हलवणं सोपं. मंगरूळपीरहून इंटरनेटचे लाइनवाले भाऊ आले. बारीक काचेची तार असते ती मोडू नये म्हणून त्यांनी चौकटीच्या वरून ती हळूच आत ओढली आणि डबा बाबांच्या खोलीतल्या खिडकीत बसवला. आता बाज आणि डबा यांच्यात चार हातांचं अंतर राहिलं. भाऊंसमोरच एक नवी भानगड उघड झाली. कूलर सुरू केला की डब्याचे चारही दिवे जायचे आणि पुन्हा एकेक करून लागायचे. दोन्हींचे प्लग एकाच बोर्डात होते आणि कूलरची मोटर उठताना बिचाऱ्या डब्याचा वीजपुरवठा ओढून घ्यायची. मी लांब वायरीचं एक वेगळं बोर्ड आणलं, ते बाजेच्या डाव्या अंगाला जमिनीवर ठेवलं आणि डब्याचा प्लग त्यात लावला.

या काळात डबा अडला की मी एकच उपाय करत होते, जो जगात सगळेच करतात. बटण बंद करायचं, दहा आकडे मोजायचे, बटण चालू करायचं. मोजताना मी मोठ्यानं मोजायची, कारण मनात मोजलं की रागाच्या भरात माझे दहा पाचातच संपतात. बाबा बाजेवर बसून हे रोज बघत होते. एक, दोन, तीन, चार… दिवसातून चार वेळा तरी.

बोर्ड वेगळं केल्यावर डबा शहाणा झाला. मी मुद्दाम तपासलं. लॅपटॉपवर तासभर सलग व्हिडिओ लावून ठेवला, कूलर तीनदा बंद-चालू केला, एकदाही खंड नाही. वहीत मी त्या दिवशी खाली दुहेरी रेघ मारली. त्या सोमवारी सत्राची पहिली दहा मिनिटं इतकी सुरळीत गेली, की मॅडम म्हणाल्या, “काका, आजपासून आपण घरातली माणसं घेऊया.” मी त्यांना आधीच घरातले फोटो पाठवून ठेवले होते. पडद्यावर पहिला फोटो आला. माय, लुगड्याचा पदर डोक्यावर, आमच्याच तुळशीपाशी.

“काका, ह्या कोण? नाव सांगा बघू.”

बाबांनी फोटोकडे पाहिलं. माय त्यांच्या डाव्या हाताला, बाजेच्या कडेवर बसलेली, नेहमी बसते तशी. तिनं पदर पुढे ओढला. आणि चारही दिवे विझले.

मी अक्षरशः किंचाळले. लाइनवाल्यांना फोन लावायला गच्चीवर धावले. तिकडे भाऊ म्हणत होते, ताई, आमच्याकडून सगळं ठीक हाय. खाली आले तर दिवे एकेक करून लागत होते. पुन्हा जोडेपर्यंत मॅडमचा पुढचा पेशंट आलेला.

गुरुवारी तेच. पुढच्या सोमवारी तेच. मी डब्याचा चार्जरसारखा असतो तो जोड बदलला. बोर्ड बदललं. प्लगला चिकटपट्टी गुंडाळली. लाइनवाल्या भाऊंना पुन्हा बोलावलं आणि त्यांच्यावर इतकं तोंड टाकलं, की त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. जाताना ते एवढंच म्हणाले, “ताई, लाइन गेली असती तं एकच दिवा लाल झाला असता. तुमचे सगळेच जाऊन राह्यले. त्याचा करंटच जाऊन राह्यला.” मी म्हटलं, ते मलाही कळतं, मी विज्ञान शिकवते. त्याबद्दल मी पुढे त्यांची माफी मागितली, तीही गच्चीवरून.

जून लागला होता. गावात पेरणीची घाई सुरू झाली. आमचं शेत शेजाऱ्यांनी करायला घेतलेलं, ते बियाणं दाखवायला आले तर बाबांनी डोळे मिटून घेतले. महिना सव्वा महिना गेला आणि ‘हौ’च्या पुढे काही नाही. डॉक्टरांचं ‘वाया घालवू नका’ माझ्या कानात वाजत राहायचं. बाबा असेच राहणार, ही भीती मला पहिल्यांदा त्याच दिवसांत वाटली. मी ती कुणाला सांगितली नाही. मायला तर नाहीच.

मग तो गुरुवार आला. फोटो आला, प्रश्न आला, दिवे गेले. मी नेहमीप्रमाणे जिन्याकडे धावले आणि चार पायऱ्या चढल्यावर लक्षात आलं, की फोन लॅपटॉपशेजारीच राहिला. परत फिरले. खोलीच्या दारात पोहोचले तर आत कुणीतरी आकडे मोजत होतं.

“…चार… पाच… सहा…”

खरखरीत, दबका आवाज. मला वाटलं, माय. पण माय माझ्याकडे तोंड करून बसली होती आणि तिचे ओठ मिटलेले होते.

“…सात… आठ…”

मी दाराची चौकट धरली. बाबा बाजेच्या डाव्या कडेवरून वाकले होते. डाव्या हातात काठी, आणि तिचं रबरी टोक जमिनीवरच्या बोर्डाच्या बटणावर अलगद टेकवलेलं. “नऊ… दहा,” बाबा म्हणाले आणि बटण दाबलं. खिडकीत पहिला दिवा लागला. मग त्यांनी वर पाहिलं, तर दारात मी.

“हौ,” बाबा म्हणाले.

मला राग आला होता, खरंच सांगते, डोकं सणकलं होतं. लाइनवाले भाऊ, अकोल्याच्या मॅडम, दोन बोर्डं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि त्याच वेळी आनंदही तेवढाच झाला होता. तीन महिन्यांनी मी बाबांच्या तोंडून सात शब्द ऐकले होते, ओळीनं, एकही न चुकता. या दोन्हींचं एकदम काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी जे मला येतं ते केलं. ओरडले.

“बाबा! तुमी बंद करून राह्यले? काहून?”

“त्याईच्यावर कायले ओरडतं?” माय म्हणाली. “त्याईनं नसतं केलं तं मीच केलं असतं.”

“म्हंजे तुले मालूम होतं?”

“मी इथीच बसली राह्यतो ना बाई. मले का दिसत नाई?”

मी खाली जमिनीवरच बसले. हळूहळू सगळा उलगडा झाला. बाबा बोलू शकत नव्हते आणि मायला बोलायचं नव्हतं, त्यामुळे तो उलगडा मलाच करावा लागला. मी एकेक विचारायचे आणि त्या दोघांच्या चेहऱ्याकडे बघायचे. थकता का? बाबांनी मान हलवली, नाही. मॅडम आवडत नाहीत? नाही. फोटो? बाबांनी मायकडे पाहिलं आणि माय जमिनीकडे बघायला लागली, नव्या नवरीसारखी, अडुसष्टव्या वर्षी.

बाबांनी मायचं नाव कधी घेतलं नव्हतं. मायनं त्यांचं घेतलं नव्हतं हे मला माहीत होतं, उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पण बाबांचंही तसंच आहे, हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही. त्या वेळच्या रीतीप्रमाणे मायचं माहेरचं नाव लग्नात बदललं. नवं नाव बाबांनीच ठेवलं होतं, ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहून. लिहिलं होतं, उच्चारलं नव्हतं. त्यानंतर आजी-आजोबा होते, मोठे काका होते, चारचौघांत बायकोला नावानं हाक मारणं शोभत नव्हतं, आणि मग ते सगळे गेले तरी सवय राहिली. पन्नास वर्षं जे नाव धडधाकट तोंडानं घेतलं नाही, ते आता वाकड्या तोंडानं, परक्या बाईसमोर, लेकीसमोर, आणि नाव जिचं आहे तिला शेजारी बसवून घ्यायला आम्ही सांगत होतो. आणि न आलं तर? तर तेही सगळ्यांसमोर.

त्यांनी दुसरं काय केलं असतं? लाइन तुटली की सुटका होते, हे त्यांना माझ्या डब्यानंच पहिल्या दिवशी शिकवलं होतं. चालू कसं करायचं तेही मीच शिकवलं होतं.

मी लॅपटॉपवरून मॅडमना पुन्हा जोडलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी मात्र दोनदा विचारलं, “दहाही मोजले? नक्की?” आकडे, वार, म्हणायची पाठ झालेली आरती, हे कधीकधी आधी येतं, असं त्या म्हणाल्या, कारण ते शोधावं लागत नाही, तोंडाला पाठ असतं. पण आवाज आहे, ओठ वळतात, एवढं तर कळलं. मग त्यांनी विचारलं, “काकांना एकटं असताना काकूंना हाक मारायची असली तर काय म्हणायचे?”

मी मायकडे पाहिलं. “काय म्हनाचे वं बाबा तुले?”

“काय म्हनतीन? अवं म्हनाचे.”

“आणि गेल्या तीन महिन्यांत?” मॅडमनी विचारलं.

तीन महिन्यांत हाक मारायची वेळच आली नव्हती. माय बाजेची कड सोडत नव्हती. बाबांनी डोळे तांब्याकडे वळवायच्या आत पाणी त्यांच्या ओठाशी असायचं. उशी सरकली, माय. माशी बसली, माय. मी हे मॅडमना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “काकूंना सांगा, उद्यापासून त्यांनी खोलीत बसायचं नाही. काकांना काही हवं असू द्या.”

मायला हे पटलं नाही. मला वाटतं, बाबांच्या झटक्यानंतर मी तिला तेव्हाच पहिल्यांदा रडताना पाहिलं. “त्याईले पानी लागलं तं?”

“मागतीन.”

“कायनं मागतीन? मागता आलं असतं तं…”

“माय, तू सगळं न मागता देऊन राह्यली. मंग ते तोंड कायले उघडतीन?”

मी हे फार मोठ्या आवाजात बोलले. त्या तीन महिन्यांत रात्रीचा दिवस करणाऱ्या बाईला असं बोलायला नको होतं. माय उठली, पदरानं तोंड पुसलं आणि स्वयंपाकघरात गेली. त्या दिवसापासून ती सत्राच्या वेळी आत येईना. चुलीपाशी बसून राहायची, आणि मी बाहेर आले की नुसतं मान वर करून माझ्याकडे बघायची.

बोर्ड मी तिथेच ठेवलं, बाबांच्या काठीच्या आवाक्यात. मॅडमनीच तसं सांगितलं होतं. नको झालं तर काकांनी खुशाल बंद करावं, पण मोजून चालू करावं. नावाचा प्रश्न त्यांनी काढून टाकला. पुढच्या सोमवारी चाळीस मिनिटं पूर्ण झाली, पहिल्यांदाच. चारही दिवे हिरवे. बाबांनी दहापर्यंत आकडे म्हटले, मग मॅडमच्या मागोमाग वीसपर्यंत गेले, चौदाला अडखळले, चिडले, पुन्हा गेले. गुरुवारी सोमवार-मंगळवार म्हटले. चित्र दाखवलं की मात्र ‘हौ’. ग्लास, हौ. बैल, हौ. वहीत लिहिण्यासारखा बिघाड आता उरला नव्हता, म्हणून मी त्यात बाबांचे आकडे लिहायला लागले.

शाळा उघडायला चार दिवस राहिले होते. माझ्या सुट्टीतलं ते शेवटचं सत्र. सकाळी बाबांनी तिखट ठेचा खाल्ला होता, मीच वाढला होता, पथ्य वगैरे विसरून, त्यांनी ताटाकडे बोट दाखवून एवढा हट्ट केला म्हणून. साडेदहाच्या सुमाराला त्यांचा हात तांब्याकडे गेला. तांब्या रिकामा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठणार होते. मॅडम पडद्यावरून हळूच म्हणाल्या, “थांबा.” मी बसले. मी लॅपटॉपच्या कडेकडे बघत राहिले, बाबांकडे बघायची मला हिंमत नव्हती. बाबांनी काठी जमिनीवर आपटली. एकदा, दोनदा. मी हललेच नाही. आता चिडून बटण दाबतील असं मला वाटलं आणि मी दिव्यांकडे पाहिलं. दिवे लागलेले होते.

बाबांनी दाराकडे तोंड केलं. खालचा ओठ पुढे आला. “अ,” असं काहीतरी झालं आणि ते थांबले. गळ्याची गाठ खालीवर झाली. मॅडमही हलत नव्हत्या, क्षणभर मला वाटलं लाइन पुन्हा थिजली.

“अवं,” बाबा म्हणाले.

मोठ्यानं नाही. बांधावरच्या आवाजाचा विसावा हिस्सासुद्धा नाही. घोगरं, एका बाजूनं सांडलेलं, पण शब्द पुरता होता. स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज चालला होता, तो थांबला.

“आली, आली!” माय तिकडून ओरडली. परात सरकल्याचा आवाज आला, पाठोपाठ तिची पावलं. ज्वारीचं पीठ कोपरापर्यंत लागलेल्या हातांनी ती दारात येऊन उभी राहिली आणि तीन महिन्यांपूर्वी विचारायची अगदी तसं, जरा वैतागूनच, तिनं विचारलं, “काय पायजे जी?”

विचारून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला हाक मारली होती.